ठोकून ऐकणे

आमचा उन्हाळा जानेवारीत येतो,
आणि आला तरी ओलाच असतो.
आईने मला न विचारता फॉर्म भरला:
वारसा जतन, वय चौदा ते सतरा,
सहा आठवडे, दुपारचं जेवण मोफत.
‘मोबाईलमधून मान तरी वर काढशील,’ म्हणाली.

काढली. वर चर्च होतं.
लिन्काय गावचं, नखशिखांत लाकडाचं,
चिलोएच्या खाडीकडे तोंड करून
एका अंगाला कललेलं,
जड बादली या हातातून त्या हातात घेताना
माणूस कलतो तसं.

पहिला आठवडाभर हत्यार कुणी दिलंच नाही.
बार्रिया मिस्त्री, डाव्या हाताला अर्धाच अंगठा,
म्हणाले, आधी ठोका. बोटाच्या पेराने.
मग कान लावा.
धड लाकूड टणकन् उत्तर देतं,
कुजलेलं नुसतं हुंकारतं.
आम्ही पाच जण भिंती ठोकत फिरलो,
उधारी वसूल करायला आल्यासारखे.
यास्ना चिग्वायचा कान तिखट,
ती खडूने फुली मारायची आणि पुढे जायची.
मला सगळंच सारखं ऐकू यायचं.
म्हणून मीही मारल्या फुल्या, अंदाजपंचे.
त्यातल्या चार मिस्त्रींनी
थुंकी लावलेल्या बोटाने पुसल्या.
बोलले काहीच नाहीत.

नियम एदुविना बाईंचा:
मेलंय तेवढंच बदला.
नुसतं म्हातारं झालंय, त्याला हात लावू नका.
आणि प्रत्येक नव्या कौलाच्या पाठीवर
या वर्षाचा शिक्का मारा,
म्हणजे नव्याला जुन्याचं सोंग घेता येणार नाही,
शंभर वर्षांनी इथे चढणारा कुणी फसणार नाही.
(शंभर वर्षांनी! एलिएसेर हसला.
त्याचे बाबा सामन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला,
त्यांचं कंत्राट तीन महिन्यांचं.)

चौथ्या आठवड्यात, उत्तरेच्या भिंतीवर,
मी एक लाकडी कौल उचकटलं
आणि खालच्या फळीवर पेन्सिलीची ओळ निघाली:
‘मास्तर चिक्कू आहे. पाऊसात पण जेवायला सोडत नाही.’
पावसाचं स्पेलिंग चुकलेलं.
मीही तिथेच चुकतो.

सगळे शिडीखाली जमले.
बाईंनी चष्मा बदलला, फोटो काढला,
फॉर्मवर गंभीरपणे लिहिलं:
लेख, पेन्सिल, एक ओळ. लेखक अज्ञात.
अवस्था चांगली.
मिस्त्री बराच वेळ बघत राहिले.
मग घड्याळाकडे पाहून म्हणाले,
चला, जेवायला चला.
त्या दिवशी बटाट्याचे मिल्काओ गरम होते,
आणि कुणाच्या तरी वाटचा एक
मी जरा जास्तच खाल्ला.

फळी धड होती. मी स्वतः ठोकून पाहिली,
या वेळी मला ऐकू आलं.
म्हणून ती जागच्या जागी ठेवून
वर नवी कौलं ठोकली, खालून वर,
एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखी.
आता ती ओळ तिथे आहे, अंधारात, कोरडी.
रविवारी लोक आत प्रार्थना करतात
आणि भिंतीत एक पोरगा कुरकुरत असतो.
मी माझ्या कौलामागे काहीतरी लिहिणार होतो.
सुचलं नाही. नुसता शिक्का मारला.

फेब्रुवारी संपता संपता घरी आलो.
बाबांनी होडी पालथी घातलेली, रंगवायला.
हात राहवेना, ठोकत गेलो:
टण. टण. टण.
नाळेपासून तिसऱ्या फळीवर आवाज बसला.
पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच.

बाबांचा ब्रश थांबलेला.
पिवळा रंग ओघळून मनगटापर्यंत आला होता.
‘माहीत आहे,’ ते म्हणाले.
आणि थोड्या वेळाने,
‘कुठवर गेलंय, ते सांग.’

मी गुडघ्यावर बसलो, कान लावला.
खडू अजून खिशातच होता.